मेव्हण्यानं धरलेला दोर

१

रविवार आला की रांजणकड्यावरून कुणाचं ना कुणाचं काहीतरी खाली पडणार, हे ठरलेलं. तुळजापूरला देवीचं दर्शन उरकून सोलापूरची मंडळी परतताना वाट वाकडी करून इकडं येतात, दरीकडं पाठ करून फोटो काढतात, आणि मग कुणाचा गॉगल जातो, कुणाच्या गाडीची किल्ली, कुणाचा मोबाईल. माणूस अजून गेलेला नाही ही आईची कृपा, नाहीतर यांच्या एकेक तऱ्हा बघितल्या तर काळीज तोंडाशी येतं. बरं, पडलं ते पडलं म्हणून गप घरी जावं? छे! तिथंच डोळे पुसत बसायचं. मग टपरीवाला चहा गाळता गाळता पलीकडं बोट दाखवतो. पलीकडं अंजनाच्या झाडाखाली दोन माणसं बसलेली असतात, जवळ दोराचं वेटोळं.

त्यातला रुंद खांद्याचा, तोंडाळ, तो गुंडप्पा. दुसरा, मान खाली घालून ऐकून घेणारा, तो रेवणसिद्ध, गुंडप्पाच्या बायकोचा थोरला भाऊ. गुंडप्पा दोरावरून उतरायचा आणि रेवणसिद्ध वर दोर धरायचा. त्या कड्याला पुढं आलेला ओठ आहे. माणूस ओठाखाली गेला की वरून दिसत नाही. खाली एक अरुंद टप्पा आहे, पडलेल्या वस्तू बहुतेक तिथंच सापडतात. टप्प्याच्याही खाली नदी, आणि नदीच्या खडकात पाण्यानं कोरलेले रांजणासारखे खोल खळगे. तिथून शेळ्यांची एक पायवाट झाडीतून वळसा घालून गावात जाते.

गुंडप्पाच्या घरात पूर्वी आग्या मोहोळ काढायचे, तेव्हापासूनची एक रीत होती. दोर धरायचा तो बायकोच्या भावानंच. सख्ख्या भावानं नाही, कारण सख्ख्या भावाच्या पोटात जमिनीची वाटणी असते. मेव्हण्याच्या पोटात फक्त बहिणीचं कुंकू. ओठाखाली गेल्यावर तोंड उघडायचं नाही, माशा उठतात. जे सांगायचं ते दोरानं सांगायचं. बारका हिसका म्हणजे ढील दे, लांब ओढ म्हणजे वर घे. आणि दोराला माणसाचं वजन आहे तोवर, कुणी काही सांगो, दोर सोडायचा नाही. मोहोळं गेली आणि मोबाईल आले, पण रीत तीच राहिली.

२

कार्तिकातली दुपार कलायला लागली होती. मोनिका नावाची सोलापूरची नवी नवरी रेलिंगपाशी हमसून हमसून रडत होती. मोबाईल तिचा पडला होता, आणि नवरा "नीट धरता येत नाही का" म्हणून गाडीत तोंड फुगवून बसला होता. असले नवरे!

गुंडप्पानं चपला काढून बुंध्याशी ठेवल्या आणि दोर कमरेला बांधला. गाठीच्या पुढं वावभर, म्हणजे दोन हात पसरल्याएवढा, दोर मोकळा सोडून त्याच्या टोकाला कापडी पिशवी बांधली, सापडलेली वस्तू ठेवायला. दोराचा एक वेढा अंजनाच्या बुंध्याला, मग तो रेवणसिद्धाच्या पाठीमागून त्याच्या मुठीत.

"मेव्हण्या, भाकरी खाल्लीस का सकाळी?" गुंडप्पा म्हणाला. "का बहिणीला रंडकी करायचं ठरवून उपाशीच आलास?"

"दाजी, गपगुमान उतरा बरं."

ही चेष्टा दर खेपेला व्हायची आणि दर खेपेला रेवणसिद्ध दाजींच्या कमरेची गाठ पुन्हा एकदा ओढून बघायचा. शिवकन्या त्याची एकुलती एक बहीण. आईबाप गेल्यावर त्यानंच तिला वाढवली, त्यानंच हे स्थळ बघितलं. पदरात लहान पोर, शिवांजली. गुंडप्पाला काही झालं तर बहिणीसमोर कुठल्या तोंडानं उभं राहायचं, हा एकच विचार दोर हातात असेतोवर त्याच्या डोक्यात घोळत असायचा.

गुंडप्पा ओठाखाली दिसेनासा झाला. दोर मुठीतून सरकत राहिला. टप्प्याची खूण म्हणून दोराला लाल चिंधी बांधलेली होती. ती बुंध्यापाशी आली आणि दोर थांबला. आता दाजी जरा शोधतील, मग लांब ओढ देतील, की झालं काम.

पण खालून बारका हिसका आला. ढील दे.

रेवणसिद्धानं ढील दिली. चिंधी बुंध्याचा वेढा सोडून पुढं गेली, कड्यावरून खाली गेली. पुन्हा हिसका आला, पुन्हा ढील. मोबाईल टप्प्यावरून आणखी खाली घरंगळला असणार, दुसरं काय. पण गुंडप्पा टप्प्याखाली कधी उतरत नसे. "तिथं आपलं काय ठिवलंय?" म्हणायचा.

मोनिका रडायची थांबली होती. रेलिंगवरून वाकून कान देऊन ऐकत होती.

"काका, त्यांच्यासोबत अजून कोण उतरलंय?"

"कोण न्हाय. का?"

"खाली दोघं बोलतायत."

रेवणसिद्धानं श्वास धरला. खरंच की. ओठाखालून बोलणं येत होतं, हळू, शेजारी बसून दोन माणसं घरगुती काहीतरी ठरवत असावीत तसं. शब्द लागत नव्हते. एक आवाज गुंडप्पाचा होता. दुसराही गुंडप्पाचाच होता.

दरीच ती, आवाज घुमणारच, रेवणसिद्ध स्वतःला म्हणाला. पण घुमलेला आवाज मागून येतो. हे दोघं मधेच एकमेकांचं बोलणं तोडत होते. आणि ओठाखाली गेल्यावर गुंडप्पानं आजवर तोंड म्हणून उघडलं नव्हतं.

मग बोलणं थांबलं. दोर एकदम सैल पडला.  रेवणसिद्ध रेलिंगकडं धावणार, एवढ्यात दोर पुन्हा ताठ झाला आणि पूर्वीसारखं वजन आलं.

"आलं बाई, आलं," तो मोनिकाला म्हणाला, पण ते स्वतःसाठीच होतं.

३

वजन होतं, हिसका मात्र येईना. ढीलही नको आणि ओढही नको. रेवणसिद्ध पाय रोवून उभा राहिला. ऊन पलीकडच्या डोंगराच्या माथ्यावर गेलं, मोर ओरडले, टपरीवाल्यानं भांडी घासायला घेतली. गाडीतल्या नवऱ्यानं दोनदा हॉर्न वाजवला, त्याला काय जातंय.

खिशातला फोन वाजला. एका हातानं दोर आवळून रेवणसिद्धानं दुसऱ्या हातानं तो कानाला लावला. शिवकन्या होती.

"दादा, कुठं राहिलास? हे येऊन जेवायला बसले. तुझं पण ताट वाढू का?"

"कोण बसलंय?"

"कोण म्हंजी? हे!" ती हसली. "चढली का काय तुला?"

"शिवू, नीट सांग. दाजी घरी हायेत?"

"आले की मघाच. नदीकडनं आले. हातपाय धुतले, बसले. कडक भूक लागलीय म्हणत्यात."

रेवणसिद्धानं दोराकडं बघितलं. दोर ताठ होता, कड्याच्या कडेवर किंचित इकडून तिकडं घासत होता.

"फोन दे बरं त्यांच्याकडं."

भांड्याचा आवाज झाला, मग गुंडप्पाचा आवाज आला, तोंडात घास असलेला. "बोल रेवण."

"दाजी, तुमी कसं काय घरी?"

"खाली उतरलो, दोर सोडला, पायवाटेनं आलो. मोबाईल काय गावला न्हाय. तू पण ये आता."

"आवं पण दोराला वजन हाय!"

"अडकला असंल धोंड्यात. सोडून दे."

"धोंडा हलतोय का, दाजी?"

जरा वेळ नुसतं चावल्याचं ऐकू आलं. "सोड म्हणलं की रेवण. सोडून दे आन् ये."

रेवणसिद्धाला हायसं वाटायला हवं होतं. माणूस सुखरूप घरी पोचला, जेवतोय, आणखी काय पाहिजे? दोर धोंड्यात अडकला असेल, पिशवी कपारीत गुंतली असेल, वारा हलवत असेल. सगळं पटण्यासारखं होतं. त्याची नजर बुंध्याशी गेली. गुंडप्पाच्या चपला तिथं जशाच्या तशा होत्या, डाव्या चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला.

"शिवू," त्यानं विचारलं, "दाजी अनवाणी आले का?"

"न्हाय की. चपला दारात हायेत. त्याच, तारेच्या. का रं?"

त्यानं फोन बंद केला.

४

मोनिका जवळ आली होती. सोलापूरची पोरगी, पण समज बरी होती तिला. "काका, ते घरी पोचले का? मग हे कोण आहे?"

"कोण न्हाय ताई. दोर अडकलाय."

तिनं हात पुढं केला आणि दोर धरून बघितला. लगेच सोडला. तिच्या तोंडावरचा रंग उडाला.

"जिवंत आहे," ती म्हणाली. "काका, श्वास घेतंय ते."

"मोबाईलचं बघतो ताई, जरा थांबा की..."

"राहू दे मोबाईल!" ती मागं सरली, वळली आणि पळतच सुटली. ज्या मोबाईलसाठी तासभर रडली त्याचं नावही काढलं नाही. गाडीचं दार आपटलं आणि गाडी धुरळा उडवत गेली. टपरीवालाही फळ्या लावून मोटरसायकलवर निघून गेला. रेवणसिद्धानं त्याला हाक मारली नाही. हाक मारून सांगायचं काय? दाजी घरी जेवायलेत आणि म्या त्यांला हितं धरून उभा हाय?

आता कड्यावर तो, ते झाड आणि तो दोर.

खालचं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जात होतं. इतकी वर्षं दोर धरलेल्या माणसाला हे हातात कळतं. पोतं लटकलं तर गोल फिरतं, धोंडा नुसता ओढतो. माणूस असला की मधूनमधून स्वतःला सावरून घेतो. हे सावरून घेत होतं. आणि मग, अगदी गुंडप्पाच्या पद्धतीनं, आधी हलकी आणि शेवटी जोराची, लांब ओढ आली.

वर घे.

 खाली दाजी असले आणि आपण दोर सोडला, तर बहिणीचं कुंकू आपल्याच हातानं पुसलं. खाली दाजी नसले आणि आपण ओढलं, तर वर काय येईल? एक हात सोडून त्यानं कपाळ पुसलं, तेवढ्यात पुन्हा ओढ आली. आता तिच्यात घाई होती.

५

फोन पुन्हा वाजला. शिवकन्याच, पण आवाज ओळखू येईना. तोंडाशी पदर धरून बोलत असावी.

"दादा, दोर सोडलास?"

"न्हाय अजून."

"सोडू नको. तुझ्या पाया पडते, सोडू नको."

"काय झालं शिवू?"

"म्या गोठ्यात आलेय पोरीला घिऊन. घरात जे हाय ते हे न्हायेत."

"आगं कसं म्हणतीस? म्या बोललो की त्यांच्यासंगट."

"म्या रोज वाढते त्यांला, दादा. मला कळंना व्हय?" तिला हुंदका आला, तो तिनं दाबला. "चेहरा हाय, आवाज हाय. सगळं हाय. पण म्या ताट ठिवलं आन् माझ्या हाताला थंडी वाजली. पोरगी जाईना त्यांच्याजवळ. भाकऱ्या संपल्या तरी म्हणतंय, वाढ."

"दार लावून घे! बाहेरनं कडी लाव. म्या आलोच."

"तू येऊ नको! आधी ह्यांना वर काढ. तू हितं आलास तर ह्यांना कोण..."

मागं कुठंतरी गुंडप्पाचा आवाज आला, दमानं विचारलेला. "कुणासंगट बोलायलीस?"

फोन बंद झाला.

रेवणसिद्धानं परत लावला. लागेना. बहीण तिकडं, तिचा नवरा इकडं दोराला, आणि मधे हा एकटा. दोर सोडून धावावं तर नवरा जाणार. थांबावं तर ती एकटी. आईनं मरताना शिवकन्येचा हात त्याच्या हातात दिला होता, आणि आज त्याच हातात हे असलं काहीतरी येऊन बसलं होतं. त्यानं देवीचं नाव घेतलं, दात आवळले आणि दोर ओढायला सुरुवात केली.

६

असा दोर त्यानं आयुष्यात ओढला नव्हता. हाताची सालटी निघाली. एरवी गुंडप्पा पाय लावून चढायचा, वरच्याला फक्त ढील आवरून घ्यावी लागायची. आज खालचं वजन नुसतं वर येत होतं. मधेच ते दुप्पट झाल्यासारखं वाटायचं, मग हलकं व्हायचं. ओठाखालून पुटपुट आली, झटापटीसारखा आवाज आला, खडे सुटून खाली गेले.

"दाजी!" रीत मोडून रेवणसिद्ध ओरडला. "आलं, आलं, दम धरा!"

कड्याच्या कडेवर एक हात आला. मग दुसरा. मग डोकं, मग रुंद खांदे. गुंडप्पा पोटावर सरकत वर आला आणि उठून बसला.

रेवणसिद्धाला रडूच फुटलं. दोर टाकून त्यानं दाजींना मिठी मारली. गार पडले होते बिचारे. "दाजी, खाली कोण होतं? कुणासंगट बोलत होता?"

"कोण असतंय?" गुंडप्पा म्हणाला. धाप लागलेली नव्हती. गाठ सोडून त्यानं दोर बाजूला टाकला. "चल घरी."

"व्हय, व्हय, चला. घरी शिवू..."  दाजींनी ना शिवी दिली ना चेष्टा केली, हे त्याच्या ध्यानात आलं, पण माणूस मरणाच्या दारातून आलाय, त्याला कसली चेष्टा सुचतेय. जीव भांड्यात पडला की माणसाचे डोळे मिटतात ते असे.

दोराचं शेवटचं टोक, पिशवीचं, अजून कड्याखाली होतं. रेवणसिद्धानं घाईघाईनं ते ओढलं. येईना. अडकलं होतं कुठंतरी. त्यानं पुन्हा ओढलं, आणि खालून उलटी ओढ बसली, लांब. तो वाकला. ओठाच्या अगदी खाली, अंधारून आलेल्या कपारीत, दोराला आवळलेली बोटं त्याला दिसली.

वानर, रेवणसिद्ध स्वतःशीच म्हणाला. वानरं काय कमी आहेत त्या कड्यावर? बायांच्या हातातली पिशवी हिसकावून नेतात.

"चल की," मागून गुंडप्पा म्हणाला. "ती वाट बघत असंल."

ती. शिवकन्या. रेवणसिद्धानं दोन्ही हातांनी जोराचा हिसका दिला. दोर सुटला. टोक वर आलं तेव्हा त्याला पिशवी नव्हती. खाली काहीतरी पडल्याचा आवाज आला का, हे ऐकायला तो थांबला नाही.

७

मोटरसायकल त्यानं खड्डे न बघता हाणली. गुंडप्पा मागं बसला होता, मधे दोराचं वेटोळं. एरवी हा माणूस मागं बसला की गावापर्यंत रेवणसिद्धाच्या चालवण्याला नावं ठेवायचा. आज चकार शब्द नाही.

गावात दिवे लागले होते. शिवकन्या अंगणात उभी होती, पोर कडेवर गच्च धरून, हातीपायी धड. घराला बाहेरून कडी होती. ती दिसली तसा रेवणसिद्ध गाडी तशीच टाकून धावला.

"शिवू! आणलं बघ. न्हाय सोडला दोर. आणलं दाजींना!"

तिच्या तोंडावर जे हसू आलं ते त्यानं तिच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. पोरीला सावरत ती समोर धावली. आणि अर्ध्या अंगणात तिचे पाय थांबले.

दारावरच्या दिव्याच्या उजेडात तिनं गुंडप्पाकडं बघितलं. तो गाडीवरून उतरून उभा होता. तिनं त्याला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं. शिवांजलीनं आईच्या मानेत तोंड खुपसलं. मग शिवकन्येनं त्याच्यावरून नजर काढली आणि त्याच्या मागच्या रस्त्याकडं बघितलं, अजून कुणीतरी यायचं राहिल्यासारखं. रस्ता मोकळा होता.

"दादा," ती म्हणाली, "हे कुठायत?"

"कुठायत म्हंजी? हे काय, माझ्यासंगट..."

गुंडप्पा त्या दोघांच्या मधून पुढं गेला. पोरीकडं त्यानं बघितलं नाही. दारापाशी जाऊन तो कडी काढायला लागला. आत ताटाचा आवाज चालला होता, तो थांबला, आणि आतून त्याच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "ये."

तेव्हा कपारीतली ती बोटं रेवणसिद्धाच्या डोळ्यांपुढं आली. त्यानं गाडीवरचं वेटोळं ओढून काढलं आणि पिशवी नसलेलं टोक हातात धरून बघितलं.

शिवकन्येला काहीच विचारावं लागलं नाही, आणि तरी तिनं विचारलं. "ह्यांना तिथंच सोडून आलास व्हय, दादा?"